एसीचा गॅस संपत नाही, तो निसटतो

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि इतकी वर्षं पंख्यावर भागवणाऱ्या अनेक घरांत पहिल्यांदाच एसीचा विषय निघाला. दुकानात तीन गोष्टींवर खल होतो: किती टन, किती स्टार, कुठली कंपनी. चौथी गोष्ट बहुतेकांच्या मनातही येत नाही. खोलीतला इनडोअर आणि खिडकीबाहेरचा आउटडोअर यांना जोडणारा तांब्याचा पाइप कोण बसवणार, कसा बसवणार आणि त्या कामाला किती वेळ देणार? एसी किती वर्षं निमूट चालेल, यात या चौथ्या प्रश्नाचा वाटा पहिल्या तिन्हींइतकाच मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे मत अनुभवातून आलं. ठाण्यातल्या आमच्या घरी नवा एसी बसवला आणि पुढचे तीन उन्हाळे ओळीने तेच घडलं. मार्चच्या शेवटी एसी सुरू करायचा, हवा कोमट यायची, मेकॅनिक यायचा, "गॅस संपलाय" म्हणायचा, गॅस भरून पैसे घेऊन जायचा. चौथ्या वर्षी एक वयस्कर मेकॅनिक आले. त्यांनी दाब मोजायचा गेज लावायच्या आधी विचारलं, "दरवर्षी गॅस जातो म्हणता, पण जातो कुठून, ते कुणी बघितलं का?" कुणीच बघितलं नव्हतं. त्यांनी साबणाचा फेस करून आउटडोअरच्या नटांवर लावला. जाड पाइपाच्या नटापाशी बारीक बुडबुडे येऊ लागले. नट उघडला तर पाइपाच्या पसरलेल्या तोंडावर केसाएवढी चीर. तेवढा तुकडा कापून त्यांनी नवं तोंड केलं, सगळी प्रक्रिया पुन्हा केली. त्यानंतर सहा उन्हाळे गेले, गॅस भरावा लागलेला नाही.

त्या चिरेची गोष्ट नीट समजली तर निम्मा विषय समजला.

गॅस नेमकं काय करतो?

इंजेक्शन देण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात तेव्हा तेवढी जागा गार पडते. स्पिरिट उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणीही याच कारणाने गार होतं. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो आजूबाजूकडून ओढून घेतो.

एसीतही हेच होतं, फक्त उडून गेलेली वाफ वाया न घालवता पुन्हा पकडली जाते. पाइपांत फिरणाऱ्या द्रव्याला शीतक म्हणतात. बोलीभाषेत त्यालाच गॅस म्हणतात, म्हणून मीही पुढे गॅसच म्हणेन. इनडोअरच्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि खोलीची उष्णता ती उचलते. आउटडोअरमधला कॉम्प्रेसर ही वाफ दाबून तापवतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती आपली उष्णता उन्हाळी हवेत सोडून पुन्हा द्रव होते आणि खोलीकडे परत निघते. थोडक्यात, गॅस हा हमाल आहे. उष्णतेची पाटी आत उचलायची, बाहेर ओतायची, रिकाम्या हाताने परत यायचं. एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एक माप) म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर नेतो.

या फेऱ्यांत गॅस खर्च होत नाही. तो गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही की तेलासारखा झिजत नाही. खात्री हवी असेल तर आपल्याच स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे बघा. त्यातही असाच गॅस फिरतो. तो वर्षाचे ३६५ दिवस चालू असतो. त्यात दर उन्हाळ्यात कुणी गॅस भरतं का? दहा-बारा वर्षं त्याला कुणी हातही लावत नाही.

मग एसीतूनच का जातो?

कारण फ्रिजचे सगळे सांधे कारखान्यात वितळवून बंद केलेले असतात. खिडकीत बसणाऱ्या जुन्या, एकाच खोक्याच्या एसीचंही तसंच होतं, म्हणून त्यात गॅसची तक्रार कमी असायची. स्प्लिट एसी मात्र कारखान्यातून दोन वेगळ्या खोक्यांत अर्धवट येतो. गॅस आउटडोअरमध्ये कोंडलेला असतो आणि तो इनडोअरपर्यंत पोचवणारं शेवटचं काम आपल्या घरी होतं. दोन पाइप, प्रत्येकाची दोन टोकं, म्हणजे चार सांधे. यंत्राचा बाकी भाग कारखान्यातल्या चाचण्यांतून गेलेला असतो. हे चार सांधे मात्र मे महिन्याच्या उन्हात, बहुधा खिडकीच्या ग्रिलमधून एक हात बाहेर काढून, कुणीतरी आवळलेले असतात.

आणि त्यांच्यावर ताण किती असतो, याची आपल्याला कल्पना नसते. दाब मोजायला मेकॅनिक पीएसआय हे माप वापरतात. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत सुमारे १५ पीएसआय जादा दाब असतो. कारच्या टायरमध्ये ३२-३३. आजच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो. एसी चालू असताना जाड पाइपात त्याचा दाब साधारण १३० ते १५० असतो. आणि एसी बंद असताना, बाहेर ३५ अंश तापमान असेल तर सगळीकडे ३०० च्या आसपास. बंद असताना जास्त! मशीन थांबलं की इनडोअर, आउटडोअर आणि पाइप सगळीकडे गॅसचा दाब सारखा होतो आणि तो हवेच्या तापमानाबरोबर चढतो. म्हणजे आपण ऑफिसात असतो तेव्हाही दुपारभर ते चार नट कुकरच्या वीसपट दाब धरून बसलेले असतात. जुन्या आर-२२ गॅसच्या वेळी हाच आकडा १८० च्या घरात होता. तेव्हाच्या ढिल्या सवयी खपून गेल्या त्या यामुळेही. आता तेवढी सूट राहिलेली नाही.

दोन सूत, चार सूत

पाइपाचं माप मेकॅनिक सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड टनाच्या एसीला बहुधा दोन सुती म्हणजे पाव इंची बारीक पाइप आणि चार सुती म्हणजे अर्धा इंची जाड पाइप लागतो. एक टनाला जाड पाइप बऱ्याचदा तीन सुती असतो. बारक्यातून द्रव आत जातो, जाडातून वाफ परत येते. माप कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं आणि ते पाळायचं असतं. हाताशी असलेला पाइप लावून चालत नाही.

व्यासापेक्षा जास्त फसवणूक जाडीत होते. पाइपाच्या भिंतीची जाडी बाहेरून दिसत नाही आणि पाइप फुटावर विकला जातो. आर-३२ साठी ०.८ मिलिमीटर जाडी चांगली. बाजारात ०.५-०.६ चा पातळ पाइपही मिळतो आणि तो स्वस्त पडतो. पातळ पाइप वळवताना चेपतो आणि त्याचं तोंड पसरताना चिरतो. दोन दुकानांतल्या पाइपांचं एका फुटाचं वजन ताडून पाहिलं तरी फरक लगेच कळतो.

फ्लेअर: सगळा खेळ इथे आहे

पाइपाचं टोक कर्ण्यासारखं पसरवायचं आणि नटाने ते पितळी शंकूवर घट्ट दाबून बसवायचं, या सांध्याला फ्लेअर म्हणतात. यात रबर नाही, वॉशर नाही, सील लावायची पट्टी नाही. मऊ तांबं शंकूवर दाबलं जाऊन त्याच्या पृष्ठभागाशी एकजीव बसतं आणि तेवढ्यावरच ३०० पीएसआय अडतात. म्हणून ते तोंड आरशासारखं गुळगुळीत हवं.

बिघडायच्या जागा अनेक आहेत. पाइप करवतीने कापला तर तोंड वाकडं येतं आणि आत कीस पडतो, म्हणून फिरता कटर हवा. कटरनेही आतल्या बाजूला बारीक कड उभी राहते. ती रीमर नावाच्या हत्याराने काढावी लागते आणि काढताना पाइपाचं तोंड जमिनीकडे धरावं लागतं, नाहीतर तांब्याचा चुरा पाइपात पडून थेट गॅसच्या वाटेवर जातो. ही कड न काढताच तोंड पसरलं तर ती दुमडून आत चिकटते आणि तिथूनच चीर सुरू होते. आमच्याकडची चीर अशीच आली असावी, असं त्या मेकॅनिकांचं म्हणणं होतं.

तांब्याचा आणखी एक स्वभाव इथे आड येतो. तार एकाच जागी चार-पाचदा मागेपुढे वाकवली की ती कडक होते आणि तुटते. पाइपही वाकवून सरळ, पुन्हा वाकवून सरळ केला तर तिथे कडक होतो, आणि कडक तांबं पसरवलं की चिरतं. म्हणून फ्लेअर नेहमी नव्या, मऊ टोकावर करायचा. फ्लेअर मोडला तर त्याचंच तोंड ठोकून पुन्हा पसरायचं नाही. दोन इंच कापून टाकायचे. तेवढे दोन इंच हाताशी राहावेत म्हणून पाइप मुळातच जरा लांब ठेवणारा माणूस मला कारागीर वाटतो.

मग आवळणं. "जोर लावून घट्ट करा" हे इथे चुकतं. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि अर्ध्या इंचाला ४९ ते ६१ न्यूटन-मीटर एवढा पीळ लागतो. सोप्या भाषेत, फूटभर लांब पान्याच्या टोकाला साडेपाच किलोचं वजन टांगल्यावर जेवढा जोर येतो तेवढा बारक्या नटाला, आणि एकोणीस किलोचं टांगल्यावर येतो तेवढा जाड नटाला. दोन्हींना सारखाच जोर लावला तर एक गळणार किंवा दुसरा चिरणार. ठरलेल्या पिळाला "टक्" करणारा टॉर्क पाना यासाठीच असतो. तो नसेल तरी दोन पाने हवेतच, एक नटाला आणि एक मागचा सांधा धरायला. एकाच पान्याने आवळलं की नटाबरोबर पाइपही पिळला जातो आणि ते नुकसान बाहेरून दिसत नाही.

इतकं सगळं बारकाईने करायचं तर वेळ लागतो. हंगामात मेकॅनिकला एका दिवसात अनेक घरं उरकायची असतात, पैसे नगावर मिळतात आणि कित्येक इमारतींत आउटडोअरपर्यंत नीट उभं राहायला जागासुद्धा नसते. आठव्या मजल्यावर दोरीच्या आधाराने लोंबकळणाऱ्या माणसाकडून एका हाताने अचूक पीळ मागणं मला अन्यायाचं वाटतं. बिल्डरने आउटडोअरसाठी सज्जा ठेवला असता तर गळक्या सांध्यांच्या निम्म्या तक्रारी जन्मालाच आल्या नसत्या, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पाइपात उरलेली हवा

सांधे झाले. आता पाइपात आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये साधी हवा आहे. ती तशीच ठेवून गॅस सोडला तर काय होईल?

ही हवा साधारण लिटर-दीड लिटर असते. मुंबईच्या पावसाळी हवेत घनमीटरला २५ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं, म्हणजे दीड लिटर हवेत जेमतेम एक थेंब पाणी. एका थेंबाने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण आर-३२ सोबत कॉम्प्रेसरमध्ये जे तेल फिरतं ते बहुधा कृत्रिम एस्टर जातीचं असतं. पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ जसं पाणी ओढतं, तसं हे तेल पाणी ओढतं, आणि तापल्यावर पाण्याशी मिळून त्यातून आम्ल तयार होतं. हे आम्ल कॉम्प्रेसरच्या मोटरमधल्या तारांच्या वेटोळ्यांवरचं आवरण खातं. ते एका दिवसात घडत नाही, म्हणून कुणी त्याचा संबंध बसवण्याच्या दिवसाशी जोडत नाही. शिवाय हाच थेंब गॅसचा दाब उतरवणाऱ्या अरुंद नळीत गोठून गॅसची वाट अडवू शकतो.

हवेचा त्रास वेगळा. गॅस दाबाखाली द्रव होतो, हवा होत नाही. ती बाहेरच्या कॉइलमध्ये जाऊन अडून बसते. गर्दीच्या लोकलमध्ये दारातच ठाण मांडून बसलेल्या प्रवाशासारखी ती दुसऱ्यांची जागा खाते. दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. मग पाच स्टारचे पैसे देऊन घेतलेला एसी कमी स्टारच्या एसीसारखा वागतो.

यावर उपाय एकच. व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा उपसून काढायची. पाणी कसं जातं हे समजायला कळसूबाई आठवा. १,६४६ मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९४-९५ अंशांनाच उकळतं. दाब आणखी उतरवत नेला, नेहमीच्या बत्तिसाव्या हिश्शावर आणला, तर पाणी २५ अंशांना, म्हणजे खोलीच्या तापमानालाच उकळतं. व्हॅक्यूम पंप हेच करतो. पाइपातलं पाणी तिथेच उकळवून वाफ म्हणून बाहेर ओढतो.

व्हॅक्यूम किती खोल हवा, हे मायक्रॉनमध्ये मोजतात. आपल्या आजूबाजूच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन आणि पाइपात अपेक्षित ५०० किंवा त्याहून कमी, म्हणजे दीड हजाराव्या हिश्शाइतका. नेहमीच्या गेजचा काटा खाली टेकला की "व्हॅक्यूम झाला" असं अनेकजण समजतात. पण तो काटा २०,००० मायक्रॉनलाही जवळपास टेकलेलाच दिसतो. खरं कळायला डिजिटल मायक्रॉन गेज लागतो. घरगुती लांबीच्या पाइपाला चांगल्या पंपाने वीस ते तीस मिनिटं पुरतात. मग पंप बंद करून आकडा थांबतो का ते पाहायचं. सरसर चढत गेला तर गळती आहे. थोडा चढून एका जागी स्थिरावला तर ओल उरली आहे, पंप पुन्हा चालवायचा.

"आमच्याकडे व्हॅक्यूम न करताच बसवला, चालतोय की!"

हा आक्षेप हमखास येतो, आणि त्यात खोटं काहीच नाही. एक नट ढिला ठेवायचा, आउटडोअरमधला थोडा गॅस सोडायचा, तो हवेला पुढे ढकलत बाहेर काढतो, मग नट आवळायचा. पाच मिनिटांचं काम. आर-२२ च्या काळात हजारो एसी असेच बसले आणि चाललेही. त्या गॅसबरोबर खनिज तेल असायचं, ते पाणी एवढं ओढत नसे. आजच्या तेलाचं तसं नाही. शिवाय या पद्धतीने हवा पूर्ण जात नाही, ओल तर पाइपाला आतून चिकटूनच राहते, आणि गॅस उगाच वातावरणात जातो. अशा एसीचं नुकसान पहिल्या उन्हाळ्यात दिसत नाही. कॉम्प्रेसर बाराऐवजी सहा वर्षांनी गेला, तर ते कुणाच्या लक्षात येणार?

व्हॅक्यूमच्या आधी नायट्रोजनने दाब देऊन सांधे तपासले तर उत्तमच. कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत कोरडा नायट्रोजन भरायचा, साबण लावायचा, काही वेळ काटा हलतो का बघायचं. (५ अंशांनी हवा गार झाली तर ६०० पीएसआयचे ५९० होतात, ती गळती नव्हे.) यासाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. वेल्डिंगचा सिलिंडर हाताशी असतो म्हणून तो लावण्याचा मोह होतो, पण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो.

मधे जोड आला तर

पाइप कमी पडला की मधे तुकडा जोडतात. शक्य असेल तर हे टाळावं आणि अखंड पाइप घ्यावा. जोडायचाच असेल तर बोलीत ज्याला वेल्डिंग म्हणतात ते ब्रेझिंग करावं लागतं, म्हणजे तांबं न वितळवता दुसऱ्या धातूची कांडी वितळवून फट भरायची. ज्योतीने लाल झालेल्या तांब्याला आतून हवा लागली की काळी खपली धरते, तव्यावरच्या जळलेल्या थरासारखी. पुढे ती सुटून गॅसबरोबर फिरते आणि बारीक नळीत अडकते. म्हणून तापवताना पाइपातून नायट्रोजनचा मंद झोत सोडतात. मोठ्या ऑफिसांत, हॉस्पिटलांत एकाच आउटडोअरवर डझनावारी इनडोअर चालतात, तिथे असे शेकडो सांधे असतात, आणि हा झोत गाळला तर अख्खी यंत्रणा भोगते.

लांबी, वळणं आणि भिंतीवरचे ओघळ

नव्या एसीत पाइपाच्या ठराविक लांबीपुरताच गॅस भरलेला असतो, मॉडेलप्रमाणे बहुधा ५ ते ७.५ मीटर. त्यापुढे दर मीटरमागे थोडा गॅस घालायचा, बऱ्याच मॉडेलांत १० ते २० ग्रॅम. हे ग्रॅम वजनकाट्यावरच मोजायचे असतात. एवढ्या छोट्या यंत्रात १०० ग्रॅमचा फरकही जाणवतो, आणि इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर सतत वेग बदलत असल्याने गेजवरच्या दाबावरून गॅसचा अंदाज फसतो. उरलेला पाइप कापायला नको म्हणून आउटडोअरमागे वेटोळं करून टांगतात, तेही बरं नाही. गॅसबरोबर फिरणारं तेल अशा वेटोळ्यांत साचतं.

पाइपावरचा फोम अनेकांना शोभेचा वाटतो. बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब उतरवणारा भाग आउटडोअरमध्येच असतो, म्हणून तिथून आत येणारे दोन्ही पाइप गार असतात. दोघांना वेगवेगळं आवरण हवं. दोन्ही एकाच फोममध्ये कोंबले की आत जाणारा आणि परत येणारा गॅस एकमेकांना उष्णता देत बसतात. फोमला फट राहिली की गार बाटलीला सुटतो तसा पाइपाला घाम सुटतो आणि महिन्याभरात भिंतीवर पिवळे ओघळ दिसतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत १३ मिलिमीटर जाडीचा नायट्राइल रबराचा फोम बरा. बाहेरच्या भागावर टेप किंवा पट्टी हवीच, उन्हात उघडा फोम दोन-तीन वर्षांत भुगा होतो.

घराचं काम चालू असताना पाइप भिंतीत गाडून ठेवत असाल तर दोन्ही टोकं चेपून किंवा टोपी लावून बंद करा. पावसाळाभर उघड्या राहिलेल्या पाइपात थेंबभर नाही, वाटीभर पाणी असू शकतं, वर सिमेंट आणि मुंग्यादेखील.

तांब्याऐवजी ॲल्युमिनियम?

चालू शकतं, पण तांब्याच्या सवयीने नाही. ॲल्युमिनियम अधिक मऊ, वळवताना चटकन चेपणारं. मुख्य अडचण म्हणजे ते पितळ किंवा तांब्याला भिडतं तिथे ओल लागली की दोन धातूंत बॅटरीसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रत्नागिरी, अलिबाग किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत हे भराभर होतं. माझ्या घरी मी तांबंच लावेन.

आर-३२ पेटतो म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, पण प्रमाण समजून घ्या. त्याची गणना सौम्य ज्वलनशील गटात होते आणि हवेत १४ टक्क्यांच्या आसपास भरल्याशिवाय तो पेट घेत नाही. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली घ्या. एसीतला किलोभर गॅस सगळाच्या सगळा तिथे सुटून सारखा पसरला तरी प्रमाण दीड टक्क्याच्या आत राहतं. धोका असतो तो गळतीच्या अगदी जवळ किंवा कोंदट खड्ड्यासारख्या जागेत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. म्हणून सांध्याचं काम चालू असताना खिडक्या उघड्या, देवाचा दिवा आणि शेगडी बंद, सिगारेट नाही. गॅस असलेल्या पाइपाला ज्योत लावायची नाही. एवढं पाळलं तर झोपेत घाबरण्यासारखं काही नाही.

दरवर्षी थोडा भरला तर बिघडलं कुठे?

पहिलं, कॉम्प्रेसरची मोटर थंड ठेवायचं काम परत येणारा गार गॅसच करतो. गॅस कमी पडला की ती तापते आणि जास्त वेळ चालते. आपल्याला कळेपर्यंत, म्हणजे कॉइलवर बर्फ धरेपर्यंत किंवा हवा कोमट होईपर्यंत, तिने महिनोन् महिने ताण सोसलेला असतो.

दुसरं कारण आपल्या घराबाहेरचं आहे आणि मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. एक किलो आर-३२ हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. जुना आर-२२ तर १,८०० किलोंच्या पुढे, शिवाय तो ओझोनचा थरही खातो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानुसार तो मोडीत निघतो आहे. आता ८०० ग्रॅम आर-३२ गळाला असं धरा. ते झाले ५४० किलो. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हे साधारण २३५ लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर धावणारी कार त्यात साडेतीन हजार किलोमीटर जाईल, ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर पाच वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढं सगळं एका केसाएवढ्या चिरेतून, आवाज न करता. २०१६ च्या किगाली करारात अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं, भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली आणि आपली कपात २०३२ पासून सुरू होते. कायदा कारखान्याला लागू होतो, गळती मात्र आपल्या खिडकीबाहेर होते.

घर बदलताना

भाड्याच्या घरांत एसी दर दोन-तीन वर्षांनी हलतो. काढताना गॅस आउटडोअरमध्ये परत ओढून कोंडतात. एसी चालू ठेवून आधी बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, सगळा गॅस आउटडोअरमध्ये आला की जाडाचा बंद, आणि लगेच मशीन बंद. हा क्रम आणि ही घाई दोन्ही महत्त्वाची. पाइप सुटा असताना किंवा सांधा गळत असताना कॉम्प्रेसर चालू राहिला तर तो हवा आत ओढतो, आणि हवा व तेलाची वाफ खूप दाबली गेली की डिझेल इंजिनात होतो तसा भडका उडून कॉम्प्रेसर फुटतो. असे अपघात झाले आहेत, माणसं दगावली आहेत. हे काम "मी यूट्यूबवर बघून करतो" म्हणणाऱ्या उत्साही भाच्याकडून करून घेऊ नका.

नव्या घरी जुने फ्लेअर तसेच चढवू देऊ नका. चारही टोकं कापून नवी तोंडं, मग पुन्हा व्हॅक्यूम. मेकॅनिकला वेळ ठरवतानाच सांगायचं, "टॉर्क पाना, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घेऊन या, अर्धा तास पंप चालेल तेवढे पैसे जास्त घ्या." ज्याने आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड केला आहे किंवा चांगल्या उस्तादाच्या हाताखाली शिकला आहे, तो हे ऐकून नाराज होत नाही. उलट आपल्या कामाची किंमत कळणारं गिऱ्हाईक भेटलं म्हणून मोकळेपणाने बोलू लागतो.

आमच्याकडे त्या वयस्कर मेकॅनिकांनी जाण्याआधी आणखी एक गोष्ट केली. आउटडोअरच्या बाजूच्या झाकणावर त्यांनी जाड मार्करने तारीख, पाइपाची लांबी आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम लिहून ठेवले. सहा पावसाळ्यांनी अक्षरं पुसट झाली होती, म्हणून गेल्या आठवड्यात मी तेच आकडे पुन्हा गिरवले.